बाळ गेल्यानंतरचे पहिले काही दिवस

अगं, तुझं कळलं तेव्हापासून जीव लागेना. माझी लेक २०१३ ला तिसऱ्या दिवशी गेली, म्हणून सध्यापुरतं एवढंच सांगते.

पहिलं दूध. बाळ नसलं तरी दोन-पाच दिवसांत दूध उतरतंच, मला कुणी सांगितलंच नव्हतं, रात्री झंपर भिजला आणि मी नुसती रडत बसले. छाती आवळून बांधू नको, गार पट्टी ठेव, फार ठणकलं तर थोडंसंच काढ, ताप आला किंवा छाती लाल झाली तर लगेच डॉक्टर. तू बाळंतीणच आहेस गं, तपासणी चुकवू नको.

दुसरं, बाळाचे कपडे. आमच्या घरच्यांनी मी यायच्या आत सगळं देऊन टाकलं, मायेनंच केलं, पण एक टोपडं तरी राहायला हवं होतं. आजच सासूबाईंना सांग, मला विचारल्याशिवाय काही हलवू नका म्हणून.

"दुसरं होईल" म्हणणाऱ्यांना जावेनं दारातच थांबवावं, ते तुझं काम नाही. नवऱ्यालाही रडू दे, आमचे हे रोज रंकाळ्यावर एकटेच बसून यायचे, मला महिन्यानं कळलं.

जगू नये असं वाटलं तर घरात कुणालातरी उठव आणि १४४१६ ला फोन लाव, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, रात्रीपण चालू असतं.