नडगी दुखतेय, तरी पळायचं का?

प्रश्न : माझी मुलगी 20 वर्षांची. पुण्यात धनकवडीला खोली घेऊन पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे तळजई टेकडीवर पळते, संध्याकाळी पुन्हा. महिनाभरापासून उजवी नडगी दुखते. अकॅडमीतले सर म्हणतात, ‘सहन केल्याशिवाय वर्दी मिळत नाही.’ तिला थांबवावं का?
– एक पालक, लातूर

उत्तर : पळणं आजपासून बंद. तयारी मात्र चालू राहू द्या.

सरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. कष्टाने हाड बळकट होतं, पण लगेच नाही. ताण वाढला की शरीर आधी हाडाचा जुना भाग काढून टाकतं, मग तिथे नवा भरतं. त्याला काही आठवडे लागतात आणि तोवर हाड कच्चं असतं. नेमक्या याच दिवसांत दोन वेळचं पळणं, त्यात टेकडीचा उतार आणि टणक झालेले बूट! कूच करणाऱ्या सैनिकांची अशाच ताणाने सुजलेली पावलं एका प्रशियन लष्करी डॉक्टरने 1855 मध्येच नोंदवली होती. तेव्हा यात मुलीचा नाजूकपणा काढू नका.

स्नायूंचं दुखणं बहुधा दोन्ही पायांना असतं आणि दोन-तीन दिवसांत उतरतं. नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत नेला आणि वीतभर ठणकलं, तर बहुतेक हाडाच्या कडेची सूज. एकाच बोटभर जागी कळ आली किंवा रात्री झोपेतही दुखलं, तर हाडाला बारीक चीर असू शकते. ती सुरुवातीला एक्स-रेत दिसतेच असं नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे, पळ’ असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका. ससून रुग्णालयात किंवा जवळच्या अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, एमआरआय लागेल का ते विचारा.

पाळी नियमित येते का, हे तिच्या आईने विचारावं. खोलीवर राहणाऱ्या मुली चहा-पोह्यांवर दिवस काढतात. खाणं कमी पडलं की पाळी चुकते आणि हाडही भरून येत नाही.

चीर निघाली तर साधारण सहा ते आठ आठवडे पळणं नाही. आता हिशेब बघा. भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची : 800 मीटर 20, 100 मीटर 15, गोळाफेक 15. लेखी 100 गुणांची. हे आठवडे लेखीला द्या; डॉक्टर हो म्हणाले तर पोहणं, सायकल. अर्धा तास चालून अजिबात दुखलं नाही की दिवसाआड एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं सुरू करावं. आठवड्याला साधारण दहा टक्क्यांहून जास्त वाढ नको, दर चौथा आठवडा हलका. 800 मीटरसाठी रोज टेकडी पालथी घालायची गरजच नाही.

ही भरती हुकेलही. खुल्या गटातसुद्धा वयोमर्यादा 28 आहे. तिच्या हातात वर्षं आहेत. सरांशी तोंडी वाद घालू नका, डॉक्टरांची चिठ्ठी द्या. तरीही ते पळवणार असतील, तर अकॅडमी बदला.