कॅनडात शिकवायला यायचंय? फोंड्याच्या एका प्राध्यापिकेला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा होता: फोंड्याच्या कॉलेजात पाच वर्षं लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासावर पैसे घेऊन, फिजिक्स शिकवते आहे, पीएच.डी. संपत आली आहे, नवऱ्याच्या नोकरीमुळे कॅनडाला यायचं घाटतंय. तिथे विद्यापीठात शिकवणाऱ्यांना शिकवण्याचंच प्रशिक्षण देतात असं ऐकलं. ते खरंच उपयोगाचं असतं, की आपल्या रिफ्रेशर कोर्ससारखं सर्टिफिकेटपुरतं? मुलगा सात वर्षांचा आहे, त्याचं कसं होईल? आणि ताई, एकटं वाटतं का?

व्हिसा, गुणांची बेरीज, इंग्रजीची परीक्षा, बँकेत किती रक्कम दाखवायची, हे सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे आणि सारखं बदलत असतं. त्यात मी पडत नाही. प्रशिक्षणाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र दोन ओळींत देता येईना. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. वाळपईला शाळा, ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात, एम.एस्सी. आणि पीएच.डी., मग गोव्यातल्याच एका कॉलेजात लेक्चर बेसिस, मग कॉन्ट्रॅक्ट, मग पुन्हा लेक्चर बेसिस. आता ब्रिटिश कोलंबियात एका विद्यापीठात पहिल्या वर्षाला फिजिक्स शिकवते. म्हणजे तुम्ही जिथे उभ्या आहात तिथून मी निघालेली आहे.

प्रशिक्षण उपयोगाचं असतं. माझ्या नोकरीच्या आयुष्यात मला मिळालेली ती सगळ्यात चांगली गोष्ट आहे, आणि म्हणूनच तिच्याबद्दल मला अजून राग येतो.

माझे बाबा सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होते. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगावी शाळा उघडल्या, त्यांतली ती एक. बाबांचं डी.एड. झालेलं. रात्री जेवणं झाली की ते टाचण वही घेऊन बसत. उद्याचा पाठ कोणता, सुरुवात कुठून, फळ्यावर काय लिहायचं, शेवटी पोरांना काय विचारायचं. अधूनमधून भागशिक्षणाधिकारी येत, मागच्या बाकावर बसून पाठ बघत, शेरा लिहीत. चौथीच्या पोरांना अपूर्णांक शिकवायला एवढी तयारी. हायस्कूलला जायचं तर बी.एड. हवं. आणि कॉलेजात, जिथे शंभर मुलांपुढे क्वांटम मेकॅनिक्स शिकवायचं, तिथे एम.एस्सी. आणि नेट-सेट पुरतं. विषय येतो ना, मग शिकवता येणारच, असं आपण धरून चालतो.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी अकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली, २०१५ मध्ये त्यांचं नाव मानव संसाधन विकास केंद्र झालं, २०२३ पासून मालवीय मिशन. तिथे मनापासून शिकवणारी माणसं आहेत, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण ओरिएंटेशन काय नि रिफ्रेशर काय, सगळं बढतीच्या कागदाशी बांधलेलं, आणि जो कायमच नाही त्याला बढती कुठली? मला कधी कोणी पाठवलं नाही. विचारलं तर 'तुमचे तास कोण घेणार?' असा उलट प्रश्न आला. तासावर पैसे मिळणाऱ्या माणसाला त्याच्यावर उत्तर नसतं. इतकी वर्षं मी शिकवलं आणि त्या सगळ्या काळात एकही सहकारी, एकही प्राचार्य माझ्या वर्गात येऊन बसला नाही. निकाल लागला की टक्के बघायचे, तेवढंच.

इथे आल्यावर मला पहिल्यांदा बसवलं ते इन्स्ट्रक्शनल स्किल्स वर्कशॉपला. हे १९७० च्या दशकाच्या अखेरीस याच प्रांतात तयार झालं आणि आता बऱ्याच देशांत चालतं. पाच-सहा जणांचा गट, तीन-चार दिवस. प्रत्येकाने दहा-दहा मिनिटांचे तीन पाठ घ्यायचे. बाकीचे विद्यार्थी होऊन बसतात, खोटे विद्यार्थी नाहीत, खरोखर शिकायला बसतात. पाठाचा सांगाडा ठरलेला: आधी विषयाकडे ओढून घ्यायचं, मग आज काय येणार ते सांगायचं, त्यांना आधीच काय येतं ते चाचपायचं, मग त्यांच्याकडून करून घ्यायचं, मग कळलं का ते तपासायचं, मग आवरतं घ्यायचं. बाबांची टाचण वहीच ती. लगेच प्रत्येकजण लिहून आणि तोंडी सांगतो, कुठे कळलं, कुठे सुटलं. व्हिडिओही काढतात.

माझा पहिला पाठ घर्षणावर होता. झाल्यावर इतिहास शिकवणाऱ्या एका बाई म्हणाल्या, 'तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तर यायच्या आत स्वतःच देता.' कोणीही वर्गात बसलं असतं तर पाच मिनिटांत लक्षात आलं असतं. मी त्या दिवशी बसने घरी येताना रडले. त्या बोलल्या त्याचं काही वाटलं नाही. गोव्यात माझ्यासमोर बसून गेलेल्या मुलांचे चेहरे एकेक करून आठवत होते.

वर्कशॉपनंतरही बरंच असतं. मोठ्या विद्यापीठांत टीचिंग अँड लर्निंग सेंटर असतं. मॅगिलचं तर १९६९ पासूनचं आहे. तिथली माणसं बोलावलं तर वर्गात येऊन बसतात. येण्याआधी तुमच्याशी बोलतात, नेमकं काय बघायचं ते तुम्ही ठरवायचं, नंतर पुन्हा बसून बोलतात. तो अहवाल तुमचाच राहतो, विभागप्रमुखाकडे जात नाही. याची किंमत गोव्यातल्या माणसाला लगेच कळेल. सत्राच्या मध्यावर ती माणसं मुलांशीही बोलतात, तुम्हाला खोलीबाहेर ठेवून, आणि उरलेल्या सत्रात काय बदलता येईल ते सांगतात. सत्र संपल्यावर मुलं आपल्याला जे गुण देतात त्यांपेक्षा हे कितीतरी कामाचं.

तुम्ही फिजिक्सच्या, म्हणून एक मुद्दाम सांगते. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००७ मध्ये विज्ञानशिक्षण सुधारण्याचा मोठा उपक्रम सुरू केला. त्यातला एक प्रयोग २०११ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आला. पहिल्या वर्षाचे दोन मोठे वर्ग, प्रत्येकी अडीचशेच्या वर मुलं. एका आठवड्यापुरतं एका वर्गाला मुलांच्या पसंतीचे, अनुभवी प्राध्यापक नेहमीसारखं व्याख्यान देत राहिले. दुसऱ्या वर्गाला अनुभव बेताचाच पण शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या तरुणांनी प्रश्न, गटचर्चा आणि लगेच प्रतिसाद या पद्धतीने शिकवलं. मग दोघांची तीच चाचणी. व्याख्यानाच्या वर्गाची सरासरी ४१ टक्के, दुसऱ्याची ७४. हे वाचून मी दोन दिवस कोणाशी नीट बोलले नव्हते. आपण ज्याला 'चांगलं शिकवणं' म्हणतो ते बऱ्याचदा चांगलं बोलणं असतं.

आता दुसरी बाजू, ती सांगितली नाही तर तुमचा घात होईल. हे प्रशिक्षण शिकवायला शिकवतं, नोकरी देत नाही. इथे लेक्चर बेसिसला सेशनल म्हणतात. एका सत्राला एक किंवा दोन कोर्स, कोर्समागे ठरलेले पैसे, पुढच्या सत्राला पुन्हा अर्ज. युनियन आहे, ज्येष्ठतेचे नियम आहेत, पैसेही गोव्याच्या मानाने बरे आहेत. पण उन्हाळ्यात पुढचं काय याची तीच धाकधूक. मी अजून सेशनलच आहे. वर्कशॉपचे दिवस मला बिनपगारी होते, आणि सेंटरच्या बऱ्याच कार्यक्रमांच्या वेळा कायम माणसांच्या सोयीच्या असतात. म्हणजे जे गोव्यात रिफ्रेशरच्या बाबतीत होतं तेच इथेही होतं, फक्त इथे दार पूर्ण बंद नसतं. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा आणली. त्यानंतर किती कॉलेजांनी अभ्यासक्रम बंद केले, माणसं कमी केली. असं झालं की पहिले आमच्यासारखे जातात. नवऱ्याची नोकरी पक्की असेल तरच या भरवशावर या, हे मी स्पष्ट सांगते.

कायम व्हायची एक वाट शिकवण्याच्या अंगाने जाते आणि ती आपल्याकडे नाही. टोरोंटोत तिला टीचिंग स्ट्रीम म्हणतात, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात एज्युकेशनल लीडरशिप. संशोधनाऐवजी शिकवणं आणि शिकवण्यातल्या सुधारणा यांवर पद आणि बढती. जागा थोड्या, स्पर्धा खूप. त्यासाठी टीचिंग डोसियर लागतं: तुम्ही काय शिकवता, का तसं शिकवता, त्याचा पुरावा काय. नुसते विद्यार्थ्यांनी दिलेले गुण चालत नाहीत. २०१८ मध्ये टोरोंटोच्या तेव्हाच्या रायर्सन विद्यापीठाच्या तंट्यात लवादाने निकालच दिला की बढतीसाठी शिकवण्याचा दर्जा त्या गुणांवरून मोजायचा नाही. परक्या उच्चाराच्या, सावळ्या बाईला या निकालाचा आधार किती वाटतो ते इथे आल्यावर तुम्हाला कळेलच.

कागदपत्रांचं थोडं. शिक्षणाच्या मूल्यमापनासाठी गुणपत्रिका विद्यापीठातून थेट जाव्या लागतात, तुम्ही हातात घेऊन पाठवलेल्या चालत नाहीत. यात माझे महिनेच्या महिने गेले. त्याहून जास्त छळलं ते आडनावाने. आमच्या 'गावकर'मध्ये कुठे 'यू', कुठे 'ओ', शेवटी कुठे 'के', तर आजोबांच्या पोर्तुगीज दाखल्याच्या वळणाने जन्मनोंदीत 'सी'. डिग्रीवर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. गोव्यात नाव बदलायला १९९० चा वेगळा कायदा आहे. जाहिरात, राजपत्र, सगळं यथासांग होईतो वेळ जातो. एका कचेरीतल्या कारकुनाने मला विचारलं, 'नक्की तुम्ही एकच बाई ना?' पाच खेपांनंतर तोच प्रश्न दुसऱ्या टेबलावर. हे काम आजच हातात घ्या, तिकिटाच्या वेळी नको.

मुलाचं विचारलंत. इथे वयावरून इयत्ता ठरते, त्यामुळे वर्ष वाया जाणार नाही. पण माझ्या मुलीचं सांगते. ती गोव्यात मराठी शाळेत दुसरी झालेली, वाचनात वर्गात पुढे. आमच्या घरात कोंकणी बोलायची, मराठी वाचायची, तुमच्याकडेही तसंच असेल. इथल्या शाळेच्या अर्जावर घरची भाषा लिहायला एकच रकाना. मी दोन्ही लिहिल्या, त्यांनी एक खोडली. मग तिला इंग्रजी शिकणाऱ्यांच्या यादीत घातलं. ते मी समजू शकते, मदतच होती. पण तिच्या बाई मला म्हणाल्या, 'घरी इंग्रजीच बोललात तर लवकर सुधारेल.' मुलीने ते ऐकलं. त्यानंतर शाळेच्या दारात मी कोंकणीत हाक मारली की ती मान खाली घालायची. घरची भाषा पक्की असेल तर दुसरी भाषा नीट येते, हे याच देशातल्या जिम कमिन्ससारख्या संशोधकांनी १९७० च्या दशकापासून मांडलं आहे आणि आमच्या सेंटरमध्येही ते शिकवतात. विद्यापीठाच्या टेकडीवर जे माहीत आहे ते खालच्या शाळेत पोचलेलं नव्हतं. आज ती फोनवर आजीशी इंग्रजीत बोलते आणि आई मला विचारते, काय म्हणाली गे ती? मला हे अजून पचलेलं नाही. तुमच्या मुलाची मराठीची पुस्तकं बॅगेत घाला, लोणच्याच्या बरण्या कमी झाल्या तरी चालतील. आणि शाळेतलं कोणी घरची भाषा सोडा म्हणालं तर तिथल्या तिथे नाही म्हणा.

एकटं वाटतं का, तर वाटतं. मराठी मंडळ आहे, गणपतीच्या चवथीला माणसं जमतात, फोन आहे. होतं सवयीचं.

खरं सांगायचं तर तुमच्या प्रश्नात मला वेगळंच काही ऐकू आलं. मी देश सोडला तो पगारासाठी, असं घरी सगळे समजतात. पगार होताच. पण माझ्या कामाकडे कोणी बघत नाही, ते चांगलं झालं काय नि वाईट झालं काय, कुणाला फरक पडत नाही, हे मला सोसेना. ते बघणारं कोणी मला गोव्यात भेटलं असतं तर मी गेले असते का? दर उन्हाळ्यात, पुढच्या सत्राचं पत्र यायच्या आधी, हा प्रश्न मी नवऱ्याला विचारते. तो म्हणतो, गेलो असतो. मला तसं वाटत नाही. ज्या वर्कशॉपबद्दल एवढं लिहिलं त्याला लागतं काय? एक खोली, पाच माणसं, दहा मिनिटांचा पाठ आणि खरं बोलायची तयारी. फोंड्यात हे होऊ शकत नाही असं त्यात काहीच नाही.

म्हणून यायचं ठरो वा न ठरो, तुम्ही या सत्रातच सुरू करा. स्टाफरूममधली दोन विश्वासाची माणसं गाठा. विषय कुठलाही असो, मराठीचे असले तर उत्तमच. एकमेकांच्या वर्गात मागच्या बाकावर बसा. सर्टिफिकेट मागू नका, प्राचार्यांना फक्त कळवून ठेवा. सत्राच्या मध्यावर मुलांना नाव न घालता चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहायला सांगा: कशाने कळतंय, कशाने अडतंय. त्या चिठ्ठ्या जपून ठेवा, तुम्ही काय बदललंत ते तारखेसह लिहा. इथे आलात तर हाच तुमच्या डोसियरचा पुरावा होईल, आणि मुलाखतीत नुसत्या सर्टिफिकेटांपेक्षा याबद्दल जास्त विचारतात.

पहिल्या पाठाचं टाचण झालं की मला पाठवा, मराठीत असलं तरी चालेल. मार्चमध्ये माझे पेपर तपासायचे नसतात, तेव्हा मी नीट वाचून शेरे लिहीन. आडनावाच्या स्पेलिंगचं काय करायचं ते विचारायचं असेल तर डिग्री, जन्मदाखला आणि पासपोर्ट या तिन्हींवर नेमकं काय छापलंय ते आधी लिहून ठेवा.