लिनक्सच्या पर्फ स्टॅटमध्ये (perf stat, प्रोग्रॅम चालताना प्रोसेसरमध्ये काय किती वेळा घडलं ते मोजणारं टूल) ८ इव्हेंट (मोजायच्या घटना) दिले तर आकड्यापुढे ५०% असं का येतं?

भो, तो इव्हेंट निम्माच वेळ खरोखर मोजला गेला म्हणून. हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड चालवणं) चालू असलं की बऱ्याच इंटेल प्रोसेसरवर थ्रेडमागे मोकळे काउंटर (प्रोसेसरमधले मोजणीचे रजिस्टर) ४च, तू मागितले ८, मग कर्नल ते आळीपाळीने लावतो न पर्फ टूल मोजलेला आकडा वेळेच्या प्रमाणात फुगवून दाखवतं, शेतात लाईट अर्धाच वेळ होती पण पाणी मात्र दिवसभराचं धरलं तसं. प्रोग्रॅम एकसारखा चालत असेल तर ठीक, छोट्या रनमध्ये पार गंडतं. त्यात एनएमआय वॉचडॉगपण (सिस्टिम अडकली का ते बघणारी कर्नलची सोय) एक काउंटर अडवून बसतो, तो बंद कर. आणि ज्यांचं गुणोत्तर काढायचंय ते इव्हेंट महिरपी कंसात एकाच ग्रुपमध्ये टाक, मग ते सोबतच मोजले जातात. जळगावच्या लॅबमध्ये व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीनवर) करत असशील तर 'नॉट सपोर्टेड'पण येऊ शकतं, तेव्हा होस्टवरच (व्हीएम ज्या खऱ्या मशीनवर चालतं तिच्यावर) मोज.