परिवर्तनवादी कुणाला म्हणावे?

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाने विचारले आहे : गावाला बस वेळेवर यावी, शाळेला शिक्षक मिळावेत म्हणून एकत्र आलेल्या मंडळींना निवेदनात 'परिवर्तनवादी' म्हणता येईल का? नाहीतर बदल हवा असणाऱ्यांसाठी मराठीत शब्द कोणता?

माझ्या मते म्हणू नये. 'वादी' लागला की नुसत्या इच्छेपाशी थांबता येत नाही, मागे विचारसरणी लागते. समाजाची घडीच बदलली पाहिजे असे मानून वागणारा तो परिवर्तनवादी. आपल्याच जिल्ह्यातली निपाणी घ्या. १९२५ साली तिथे बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत परिषद भरली; अस्पृश्यता मोडायला निघालेले ते लोक पुरेपूर परिवर्तनवादी. १९८१ मध्ये त्याच निपाणीत तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शेतकरी महामार्गावर बसले. मागणी पोटाची होती, लढाही मोठा. पण त्यांना 'आंदोलक' हाच शब्द नेमका बसतो, आणि त्यात उणेपणा काही नाही.

नुसती इच्छा सांगायची तर हितेच्छू, शुभेच्छू यांच्या चालीवर 'परिवर्तनेच्छू' होतो. परिवर्तन अधिक इच्छू, शेवटचा उकार दीर्घ. शब्द निर्दोष आहे, पण बोलण्यात तो येत नाही. 'बदल पाहिजे म्हणणारी माणसं' असे आपण बोलतो, तसे छापले तरी मला आवडेल.

'सुधारक' इथे नको. आगरकरांनी १८८८ मध्ये त्या नावाचे पत्र काढले, तेव्हापासून रूढींवर घाव घालणारा हाच अर्थ मनात येतो.

सीमाभागात खरी जपणूक हवी ती 'पुरोगामी'ची. कन्नडमध्ये 'प्रगतिपर' हा एकच शब्द विचारवंतालाही लागतो आणि नवे वाण, ठिबक सिंचन वापरणाऱ्या शेतकऱ्यालाही. मराठीत ही दोन माणसे वेगळी : विचारवंत पुरोगामी, शेतकरी प्रगतिशील. कन्नड पत्रकाचे मराठी करताना 'पुरोगामी शेतकरी' लिहिले, की तो पीक कसे काढतो हे राहते बाजूला आणि त्याची सामाजिक मते सांगितल्यासारखे होते. दोन्ही भाषा रोज कानावर पडणाऱ्यांकडून हे सहज होते, म्हणून मुद्दाम सांगितले.

तुमच्या निवेदनात 'बस आणि शिक्षकांच्या मागणीसाठी एकत्र आलेले ग्रामस्थ' असे लिहा. पुढे कुठे 'परिवर्तनवादी' वापरायची वेळ आलीच, तर अनेकवचनी सामान्यरूप 'परिवर्तनवाद्यांना' असे होते. स्त्रियांसाठीही शब्द तोच.