चमक दिसली म्हणजे गाठ सापडली असं नाही

मेंदूच्या ऑपरेशनमध्ये गाठ चमकवून दाखवणाऱ्या फ्लुरोसन्स इमेजिंगमध्ये नवीन आहेस, तर न्यूरल नेटवर्कच्या मागे लागण्याआधी प्रकाशाचं गणित पक्कं कर. ५-एएलए हे औषध घेतलेल्या पेशंटच्या ग्लायोमात (मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठीत) प्रोटोपॉर्फिरिन हे रंगद्रव्य साठतं आणि साधारण ४०५ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात ते ६३५ च्या आसपास लाल चमकतं. आयसीजी या दुसऱ्या रंगद्रव्याचं वेगळं. त्याची चमक ८३० च्या आसपास, डोळ्याला काहीच दिसत नाही, सगळी भिस्त कॅमेऱ्यावर.

आता खरी गोम. पिक्सेल किती उजळ आहे, यावरून रंगद्रव्य किती आहे ते कळत नाही. हिमोग्लोबिन निळा प्रकाश जबरदस्त शोषतं, त्यामुळे रक्ताचा पातळ थर आला तरी खालची गाठ काळी दिसते. सलाइनने धुऊन सक्शन फिरवलं, की तीच जागा पुन्हा लाल! मायक्रोस्कोप वर-खाली झाला, पृष्ठभाग तिरका असला, तरी आकडा बदलतो. म्हणून त्याच जागेची परावर्तित प्रकाशातली प्रतिमाही घे आणि तिच्या आधारे दुरुस्ती कर. ती न करता थेट थ्रेशोल्ड (‘इतक्या उजळपणाच्या वर गाठ’ अशी सीमा) लावणारा पेपर असेल, तर मी तरी पुढचं पान उलटत नाही.

निळा प्रकाश बराच वेळ पडला तर चमक फिकी होते, तेही हिशेबात धर. नेव्हिगेशनवर (ऑपरेशनआधीच्या एमआरआयवर जागा दाखवणाऱ्या यंत्रणेवर) चमक चढवणार असशील तर लक्षात ठेव, कवटी उघडल्यावर मेंदू सरकतो, तो एमआरआय तोवर शिळा झालेला असतो.

आणि कमी श्रेणीच्या (हळू वाढणाऱ्या) ग्लायोमात बहुतेकदा चमक दिसतच नाही. तेव्हा नेटवर्कला शिकवताना अंधाऱ्या भागाला ‘निरोगी’ असं लेबल लावू नकोस. बायोप्सीचा निकाल जोडलेले नमुने मोजकेच मिळाले, तरी तेच वापर.