‘ह्वेइगान’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे. नोकरीनिमित्त तैवानमधल्या शिंचू शहरात राहणाऱ्या एका वाचक बाई लिहितात: ‘इथले सहकारी छोट्या छोट्या कपांतून ऊलाँग चहा पाजतात. घोट गिळला की स्वतःच्या गळ्याला बोट लावून विचारतात, “ह्वेइगान आलं का?” इंग्रजी माहितीपत्रकात त्याचा अर्थ “स्वीट आफ्टरटेस्ट” असा दिलाय. मी आईला फोनवर म्हटलं की इथला चहा गोड लागतो, तर ती म्हणाली, साखर कमी घालायला सांग त्यांना. याला नेमका मराठी शब्द कोणता? आणि हा चहा उकळत नाहीत, मग तो “भिजवतात” म्हणायचं का?’

तुमच्या आईंचं काही चुकलं नाही. आपल्याकडे चहाशेजारी ‘गोड’ शब्द आला की साखरच डोळ्यांपुढे येते. ‘चहा गोड झालाय’ ही तर चक्क तक्रार असते. चूक त्या इंग्रजी माहितीपत्रकाची आहे.

‘ह्वेइगान’मधल्या ‘ह्वेइ’चा अर्थ परत येणं. ‘गान’ ही एक चव. (उच्चार खरं तर ‘कान’च्या जास्त जवळ आहे. चिनी शब्द रोमन लिपीत लिहिताना तिथे ‘जी’ वापरतात, म्हणून आपण ‘गान’ वाचतो. रूढ झालंय, चालू द्या.) गंमत अशी की साखरेच्या गोडीला चिनीत वेगळा शब्द आहे, ‘थ्येन’. शिंचूच्या कोपऱ्यावरच्या दुकानात साबुदाण्यासारख्या गोळ्या घातलेला दुधाचा चहा मिळतो, तो ‘थ्येन’. चित्रलिपीत ‘गान’चं चिन्ह म्हणजे तोंड, आणि त्या तोंडात धरून ठेवलेलं काहीतरी. ‘थ्येन’ लिहिताना त्याच चिन्हाला जिभेचं चिन्ह जोडतात. म्हणजे जिभेला लगेच कळते ती थ्येन, आणि तोंडात धरून ठेवावंसं वाटतं ते गान. ज्येष्ठमधाच्या चिनी नावात गान आहे. चांगल्या झऱ्याला ‘गान झरा’ म्हणतात आणि वेळेवर आलेल्या पावसाला ‘गान पाऊस’.

आता मराठीकडे या. विहिरीचं पाणी ‘गोडं’ आहे असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात साखर असते का? ते खारं नाही, मचूळ नाही, एवढंच सांगायचं असतं. ‘गोडं तेल’ही तसंच, ते कडू तेल नव्हे म्हणून गोडं. गोडा मसाला तर नुसता चाखून बघा, गोडाचा लवलेश नाही. म्हणजे आपल्या ‘गोड’च्या पोटातही ‘गान’ आहेच, फक्त साखरेने तो अर्थ मागच्या बाकावर ढकललाय. ‘गोड’ आणि ‘गोडी’ यांतही मला फरक जाणवतो. जिलबी गोड असते. विहिरीच्या पाण्याला, भाकरीला, एखाद्याच्या बोलण्याला गोडी असते. म्हणून ह्वेइगानसाठी मी ‘गोड चव’ म्हणणार नाही, ‘गोडी’ म्हणेन.

पण ही गोडी ‘परत येते’ म्हणजे काय? इथेच ‘आफ्टरटेस्ट’ फसतं. आफ्टरटेस्ट म्हणजे मागे उरलेली चव. लसूण खाल्ल्यावर उरते तीही आफ्टरटेस्टच. ह्वेइगानमध्ये आधी कडवटपणा किंवा तुरटपणा यावा लागतो, तो ओसरावा लागतो, आणि मग गळ्याच्या बाजूने, जिभेच्या मुळाशी गोडी वर यावी लागते. पहिल्या घोटापासूनच गोड असलेल्या पेयाला ह्वेइगान नाही. ‘गोड चव रेंगाळते’ हेही म्हणूनच जमत नाही. जी आधी नव्हतीच ती रेंगाळेल कशी?

हा अनुभव मराठी माणसाला नवा आहे का? शाळेच्या दाराशी मीठ लावलेला आवळा खाल्ला, आणि मग नळाला तोंड लावून पाणी प्यायलो. ते पाणी कसं लागायचं, हे सांगायला नको. ह्वेइगान म्हणजे तेच.

ही तुलना मी ओढून ताणून करत नाहीये. चिनी भाषेत आवळ्याचं नावच ‘यू-गान-त्झ’ आहे, म्हणजे ‘गान मागे ठेवणारं फळ’. तोच ‘गान’. शिवाय बौद्ध ग्रंथांबरोबर आवळ्याचं आपलं संस्कृत नाव ‘आमलक’ही तिकडे पोचलं होतं, त्याचं तिथलं रूप ‘आन-मो-ले’. तांग काळात, इसवी सन 659 मध्ये राजाज्ञेने तयार झालेल्या औषधी ग्रंथात आवळा या परदेशी नावाने आहे आणि जोडीला ‘यू-गान’ हे देशी नावही. चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या ज्या दक्षिण फुजियान आणि छाओशान भागात छोट्या भांड्यातून पुन्हा पुन्हा चहा काढण्याची ‘गोंगफू’ रीत वाढली, तिथेच आवळाही पिकतो आणि आवडीने खाल्ला जातो. आवळा आणि ऊलाँग एकाच जिभेवर वाढलेत म्हणा ना.

आणखी एक. हिंदीत म्हण आहे, ‘बड़ों का कहा और आँवले का खाया बाद में मीठा लगता है’. चिनी लोकांचं तिकडचं एक हिरवं फळ आहे, त्याला चिनी ऑलिव्ह म्हणतात. तेही आधी तुरट आणि मागाहून गोड. त्याचं जुनं टोपणनाव ‘च्येन-क्वो’. ‘च्येन’ म्हणजे राजाच्या तोंडावर त्याची चूक सांगणं. मराठीत सांगायचं तर ‘कानउघाडणीचं फळ’! इकडे वडीलधारी, तिकडे निष्ठावंत मंत्री, बाकी कल्पना जशीच्या तशी. कोणी कोणाकडून घेतली असेल असं मला वाटत नाही. जीभ सगळीकडे सारखीच.

आता शब्द. शास्त्रीय हवा असेल तर तयार आहे, ‘अनुरस’. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रस आणि अनुरस असा भेद केलाय: पदार्थ तोंडात घालताच स्पष्ट कळतो तो रस, आणि तसा न कळता मागाहून किंवा अंधुक जाणवतो तो अनुरस. आफ्टरटेस्टला ‘पश्चात्-चव’ वगैरे जड शब्द पाडण्यापेक्षा हा कितीतरी बरा. (काहीजण ‘विपाक’ सुचवतील. नको. विपाक पचनानंतरचा, तो गळ्याशी जाणवत नाही.) फक्त अनुरस कोणताही असू शकतो, कडूसुद्धा. ह्वेइगानसाठी ‘मधुर अनुरस’ म्हणावं लागेल, आणि तसं म्हणणाऱ्याला आई फोनवर काय म्हणेल ते मी सांगत नाही.

बोलताना ‘मागाहून गोडी येते’ एवढं पुरतं. नामच हवं असेल तर ‘परतगोडी’ करून बघा. परतवारी, परतफेड, परतभेट हे शब्द आपल्याकडे आहेतच, त्यांच्या पंगतीत हा बसतो, आणि ‘ह्वेइ’चा नेमका अर्थही राखतो. मला स्वतःला क्रियापदाची वाट जास्त आवडते: ‘घशात गोडी उतरते’. चिनी गोडी वर येते आणि मराठी गोडी उतरते, हा फरक मी खपवून घ्यायला तयार आहे.

एका बाबतीत आपण इंग्रजीपेक्षा सुखी आहोत. ‘कडू’ आणि ‘तुरट’ हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळणारे दोन वेगळे शब्द आहेत. चिनीतही तसेच, ‘खू’ आणि ‘स’. कारलं खू, कच्चं केळं स. इंग्रजीत तुरटसाठी पुस्तकी शब्द काढावा लागतो, म्हणून इंग्रजीतून चहा शिकणारे दोन्हींना ‘बिटर’ म्हणून मोकळे होतात. चहात हे दोन वेगळे ओळखणं महत्त्वाचं. कडवटपणा बहुधा विरघळतो आणि गोडीला वाट देतो. तुरटपणा गालांना आणि जिभेला आवळून बसला आणि सुटलाच नाही, तर पान हलकं किंवा हात चुकला. उंचावरच्या तैवानी ऊलाँगमध्ये, आलीशान किंवा लीशान या डोंगरांवरच्या धुक्यातल्या मळ्यांतला घ्या, मुळात तुरट द्रव्यं कमी असतात, म्हणून तो सौम्य. त्यात ह्वेइगानही हळू आवाजात येतं. ते ठळक अनुभवायचं तर नान्तोऊ जिल्ह्यातल्या लुगू गावचा, थोडा भाजलेला तुंगतिंग ऊलाँग घ्या.

मी तो मावशीला पाजला होता. सहा ग्रॅम पान, सव्वाशे मिलीलिटरचं झाकणाचं भांडं, पाणी उकळी फुटलेलं. कोरडं पान म्हणजे वाटाण्याहून लहान, घट्ट वळलेल्या गोळ्या. भांड्यात पडल्या तर खडे टाकल्यासारखा आवाज झाला. पहिल्या पाण्यात त्या जेमतेम हलल्या. तिसऱ्या पाण्यापर्यंत काडीसकट अख्खी पानं उलगडून झाकण वर उचलायला लागली. मावशीने एक घोट घेतला, ‘कडवट आहे रे’ म्हणून कप खाली ठेवला आणि घसा धुवायला साधं पाणी मागितलं. पाणी प्यायली, पेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, ‘यात काय घातलंस?’

तुम्ही विचारलं नाहीत, पण लवकरच कानावर पडेल असा आणखी एक शब्द: ‘होऊ-युन’. ‘होऊ’ म्हणजे गळा. ‘युन’ म्हणजे कवितेतलं यमक, आणि नाद विरताना मागे उरतं तेही. गिळल्यावर गळ्यात जे घुमत राहतं ते होऊ-युन. ह्वेइगान ही चव आहे, हे तिच्या टिकण्याबद्दल आहे. याला मात्र मराठी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांकडे तयार शब्द आहे: ‘आस’. सतारीची तार छेडल्यावर सूर जितका वेळ तग धरतो ती त्याची आस. ‘या चहाला आस आहे’ असं म्हणून बघा, बैठकीत बसलेल्याला लगेच कळेल. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने काव्यातल्या ध्वनीसाठी, म्हणजे सूचित अर्थासाठी, अनुरणनाचा (मागे घुमत राहणाऱ्या नादाचा) दाखला दिला तोही याच जातीचा, पण चहाच्या कपाशेजारी ‘अनुरणन’ आणायला माझी हिंमत होत नाही.

राहिला ‘उकळणं की भिजवणं’. चिनीतही दोन क्रियापदं आहेत, ‘चू’ म्हणजे उकळणं आणि ‘फाओ’ म्हणजे गरम पाण्यात बुडवून ठेवणं. आठव्या शतकात लू यूने चहावर ग्रंथ लिहिला तेव्हा तेही उकळतच होते, आणि त्यात मीठही घालत. 1391 मध्ये मिंग सम्राट होंगवूने नजराण्यात चहाच्या दाबलेल्या वड्या घेणं बंद केलं, सुटी पानं मागवली, आणि हळूहळू ‘फाओ’ची रीत सर्वत्र झाली. ‘भिजवणे’ अर्थाने बरोबर आहे, पण कानाला साबुदाण्यासारखं लागतं. ‘मुरवणे’ लोणच्याचं, त्याला आठवडे हवेत आणि इथे तीस-चाळीस सेकंदांत ओतून घ्यायचंय. मी ‘काढणे’ वापरतो: ‘चहा काढला’. काढा काढतो, अर्क काढतो, तसा चहा काढायचा. आणि मोजायचं ते ‘पाण्या’त. आपण तांदूळ दोन पाण्यांनी धुतो, तसं ‘पहिलं पाणी’, ‘दुसरं पाणी’. चिनी चहाबाजही याच हिशेबाने बोलतात. त्यांच्यात म्हणतात, पहिलं ते नुसतं पाणी, दुसरं तो चहा, आणि सार उतरतं ते तिसऱ्या-चौथ्यात.

तेव्हा आईंना सांगा: चहा कोरा आहे, साखरेचा कण नाही, पण तिसऱ्या पाण्याला आवळ्यासारखी गोडी उतरते. त्यावर त्या बहुतेक विचारतील, दूध का नाही घालत. त्याला माझ्याकडे शब्द नाही.