विद्यापीठाजवळचं घर, वरची पोरं आणि परदेशातला मालक

प्रश्न : लातूर जिल्ह्यातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. माझं वय 67, पत्नी 63. मुलगा अमेरिकेत. पुणे विद्यापीठाजवळ राहावं, सकाळी आवारात फिरावं, व्याख्यानं ऐकावीत, ही जुनी हौस. औंधकडच्या एका 30 वर्षं जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके 72 लाखांना ठरवला. लिफ्ट नाही. मालक परदेशात असतात, त्यांच्या चुलतभावाकडे कुलमुखत्यारपत्र (त्यांच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारं पत्र, पॉवर ऑफ अॅटर्नी) आहे. त्या चुलतभावाच्या खात्यात 2 लाख विसार (बयाणा) भरून 500 च्या स्टॅम्पपेपरवर विसार पावती केली. मग एक रात्र शेजारच्या बिल्डिंगमध्ये नातेवाइकांकडे राहिलो, तेव्हा कळलं की आम्ही ठरवलेल्या सोसायटीतले 16 पैकी 9 फ्लॅट विद्यार्थ्यांना दिलेले आहेत. रात्री दीडपर्यंत गॅलरीत गप्पा, गाणी, बाइकचे आवाज. सेक्रेटरी म्हणतात, ‘विद्यार्थ्यांना बंदीचा ठराव करतोय, आणि चार वर्षांत रिडेव्हलपमेंट आहेच.’ मुलगा म्हणतो, घर माझ्या नावावर घ्या. व्यवहार मोडला तर विसार बुडेल का?

उत्तर : सर, तुमच्या पत्रात दीड पान विद्यार्थ्यांवर आहे आणि कुलमुखत्यारपत्रावर एक ओळ. माझ्या उत्तरात हे प्रमाण उलटं होणार आहे.

विद्यार्थ्यांचं आधी उरकतो. सोसायटीला ‘विद्यार्थी नकोत’ असा ठराव करून बंदी घालता येत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांप्रमाणे, सभासदाला फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. त्याने कळवायचं, लीव्ह अँड लायसन्स कराराची प्रत द्यायची आणि पोलिसांकडे भाडेकरूंची माहिती भरायची. सोसायटी फार तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क, लावेल, तेही सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच. शासनाने ही मर्यादा 2001 मध्येच घालून दिली आहे. शिवाय ठराव मांडला तरी मतदान कोण करणार? 16 मधल्या 9 जणांचं भाडं त्या पोरांकडूनच येतं. सेक्रेटरी तुम्हाला धीर देत होते, एवढंच.

हक्क तुमच्याकडे अजिबात नाही असं नव्हे. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत निवासी भागात आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. 112 ला फोन करता येतो, कमिटीकडे लेखी तक्रार देता येते. एखादा मालक कॉट बेसिसवर, म्हणजे प्रत्येकी एका खाटेच्या भाड्याने, दहा-बारा पोरं भरून घरातच हॉस्टेल चालवत असेल, तर महापालिकेकडे वापराबद्दल तक्रार करता येते. पण मी स्वतः लॉ कॉलेजला असताना कॉट बेसिसवर राहिलोय, दोन खोल्यांत आठ जण. खालचे काका दर शनिवारी पोलीस बोलवायचे. पोलीस यायचे, आम्ही माफी मागायचो, पुढचा शनिवार यायचा. शिवाय पोरं दरवर्षी बदलतात, त्यामुळे ज्यांना समजावलंत ती जूनमध्ये निघून जातात. विद्यापीठाच्या आसपास हे असंच राहणार. पाषाण, बाणेरला थोडं कमी, औंध गावठाणाकडे थोडं जास्त.

आता खरा मुद्दा. कुलमुखत्यारपत्राचा जो फोटो तुम्ही पाठवलात तो मी मोठा करून वाचला. तारीख 2016 ची आहे. पान 2 वर ‘सदर मिळकत भाड्याने देणे, भाडे वसूल करणे, मेंटेनन्स व कर भरणे’ एवढं स्पष्ट वाचता येतं. विकण्याचा अधिकार दिल्याचा शब्द मला कुठे सापडला नाही आणि पान 3 फोटोतच नाही. घर सांभाळायला दिलेल्या पत्रावर घर विकता येत नाही. विक्रीसाठी त्यात विक्री करणे, खरेदीखतावर सही करणे, दुय्यम निबंधकांसमोर कबुली देणे आणि रक्कम स्वीकारणे हे अधिकार स्वच्छ शब्दांत लागतात. परदेशात केलेलं पत्र तिथल्या भारतीय दूतावासातून किंवा नोटरीपुढे रीतसर झालेलं हवं आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरलेलं हवं. आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात. पत्र देणारा वारला की असं पत्रही त्याच्याबरोबर संपतं. म्हणून मालकांशी व्हिडिओ कॉलवर बोला, त्यांचा पासपोर्ट बघा आणि विक्रीसाठी ताजं पत्र मागवा. ते स्वतःच येऊन सही करणार असतील तर फारच उत्तम.

पैसे चुलतभावाच्या खात्यात भरलेत, ती चूक झाली. यापुढचा एक रुपयासुद्धा मालकाच्या स्वतःच्या खात्याशिवाय कुठे जाऊ देऊ नका. तुम्हाला ‘फक्त 1 टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापा, 72 हजार’ असं सांगितलंय, तेही चुकीचं आहे. तो नियम विकणारा भारतात रहिवासी असेल तेव्हाचा. अनिवासी माणसाकडून तुम्ही असं जुनं घर घेता तेव्हा साडेबारा टक्के, वर अधिभार आणि सेस कापावा लागतो. पूर्ण किमतीवर नुसते साडेबारा धरले तरी 9 लाख होतात. ही रक्कम ठरलेल्या किमतीतूनच कापायची असते, तुमचा खर्च वाढत नाही. मालकांना कमी कापून घ्यायचं असेल तर त्यांनी आयकर खात्याकडून तसा दाखला आणावा. तुम्ही कमी कापलंत तर खातं तुमच्याकडून वसूल करतं, आणि मालक तर सातासमुद्रापार. हे काम सीएकडूनच करून घ्या.

विसार पावतीत ‘खरेदीदाराने व्यवहार मोडल्यास विसार जप्त’ हे कलम आहे, मी पाहिलं. त्यामुळे ‘पोरं दंगा करतात, मला घर नको’ असं कळवलंत तर 2 लाख बहुतेक गेले. विकणाऱ्याला निर्वेध हक्काने घर देताच येत नसेल, तर मात्र मोडणारे तुम्ही ठरत नाही. तेव्हा विसार परत मिळायला हवा, आणि तोपर्यंत त्या रकमेचा बोजा मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे त्या फ्लॅटवर धरता येतो. फक्त मेख अशी की पावती करणाऱ्यालाच अधिकार नव्हता असं निघालं, तर मालक हात वर करू शकतात आणि वसुली चुलतभावाकडून करावी लागते. म्हणून नोटीस दोघांनाही पाठवायची. खोटं निमित्त शोधा असं मी सुचवत नाही. कागद खरोखरच अपुरे आहेत. नोटिशीत मूळ कुलमुखत्यारपत्र, मालकाची लेखी संमती, मूळ करारनामा, इंडेक्स 2 (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र मागा. सगळं नीट आलं तर मग ठरवा की शांत झोपेची किंमत 2 लाख आहे का.

रिडेव्हलपमेंट तुम्हाला आमिष म्हणून सांगितलंय. मला ती धोक्याची खूण वाटते. आधी प्रॉपर्टी कार्ड काढून जमीन अजून बिल्डरच्या नावावर आहे का ते बघा. असली तर कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, झालेलं नाही. ते जिल्हा उपनिबंधकांकडून मानीव अभिहस्तांतरण म्हणून करून घेता येतं, पण फायली वर्षानुवर्षं फिरतात. झालेलं असेल तर दुसरीच गोष्ट. शासनाच्या 2019 च्या निर्देशांप्रमाणे पुनर्विकासाला एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्क्यांची संमती लागते. 16 चे 51 टक्के म्हणजे 9 जण, आणि भाड्याने दिलेले फ्लॅटही नेमके 9. त्या मालकांना कुठे राहायला जायचंय? पोरं हलवली की झालं. सामान बांधून तीन वर्षं दुसरीकडे जायचंय ते तुम्हाला, सत्तरीत.

मुलाच्या नावाचं थोडक्यात. पैसे तुमचे असतील तर घर तुमच्याच नावावर घ्या. त्याला इच्छापत्राने द्या. नुसतं नॉमिनी केल्याने तो मालक होत नाही. आयुष्याची पुंजी घातलेल्या घरात मुलाच्या मर्जीवर राहायची वेळ चांगल्या मुलांच्या घरातही येते, कारण सुना, जावई, घटस्फोट हे कोणाच्याच हातात नसतं. पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के आहे. फक्त पत्नीच्या नावावर घेतलंत तर 6 टक्के, म्हणजे 72 हजार वाचतात. तुमचं नाव जोडलंत की सवलत गेली. काकूंना विचारून बघा, हा तोडगा त्यांना आवडेल असा माझा अंदाज.

आणि हा फ्लॅट घेणं रद्द झालंच, तर दुसरा लगेच शोधू नका. त्याच भागात अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्सवर राहा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे, तो कुरकुरेल, पण सोडू नका. जूनमध्ये जिन्यातून चढणाऱ्या गाद्या, परीक्षेआधीची शांतता आणि ती संपल्याची रात्र, विद्यापीठ चौकातून दवाखान्यात पोचायला लागणारा वेळ, सगळं एका वर्षात कळतं. विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बाहेरच्यांना कोणत्या अटींवर बसता येतं, तेही काउंटरवर जाऊन आधीच विचारून या. शेजारी राहायला आल्याने तो हक्क मिळत नाही.

पावतीतल्या मुदतीच्या 60 दिवसांपैकी 24 गेलेत. नोटीस स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही, याच आठवड्यात जाऊ द्या. आणि पान 3 मिळालं तर मला पाठवा.